दहिसर नाक्यापलीकडचे चाहते

गेल्या गणेशोत्सवात आरतीला उभी राहताना माझी मुलगी डोक्यावरची टोपी काढायला विसरली. निळी टोपी, पुढे लाल ‘सी’, शिकागो कब्स या बेसबॉल संघाची. मागच्या काकूंनी ती अलगद काढून तिच्या हातात दिली, ते योग्यच केलं. पण मग माझ्याकडे वळून त्या हळहळत म्हणाल्या, “हिचं आता तिकडचं काही उरलं नाही, नाही का हो?” प्रसादाच्या रांगेत एका स्नेह्यांनी तोच धागा पुढे ओढला. म्हणाले, “आमच्या घरात फक्त इंडियाची मॅच लागते. पोरांना एकदा बेसबॉलची चटक लागली की हातची गेलीच म्हणून समजा.”

मी हसून वेळ मारून नेली. हातात मोदक असताना वाद घालू नये. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं आणि अजून गेलेलं नाही. त्याचं राहिलेलं उत्तर आज आपल्या मंडळाच्या अंकातून देतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की, संघ आपला होतो तो हजेरीने. जन्मदाखला, पासपोर्ट, आडनाव यांचा त्यात फारसा हात नसतो. ज्या संघाच्या साध्या, विसरून जाण्यासारख्या, हरलेल्या सामन्यांना आपण जाऊन बसलो, तो आपला. ही सवय एकदा अंगी लागली की माणूस ती कुठेही घेऊन जातो. मी ती भाईंदरहून घेऊन आलो.

भाईंदर म्हणजे मुंबई नव्हे, हे भाईंदरकराला कुणी ना कुणी ऐकवतच असतं. दहिसरचा चेकनाका ओलांडला की मुंबई महापालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. मीरा-भाईंदरची स्वतःची महानगरपालिका झाली २००२ साली. माझ्या लहानपणी नगरपरिषद होती. आजूबाजूला मिठागरं, उत्तनकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, उत्तरेला वसईची खाडी. वारा खाडीकडून असला की पुलावरून येणाऱ्या विरार गाडीचा धडधडाट ऐकू यायचा. दादरच्या आत्याकडे गेलो की तिथली भावंडं विचारायची, “काय रे, गावाहून कधी आलात?”

आणि तरी रणजी करंडकाचा मोसम सुरू झाला की ‘आपली’ टीम मुंबईच. त्यात घरात कुणाला कधी शंका नव्हती. वडील फोर्टात एका कचेरीत कारकून. जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत. मुंबईने त्यांना राहायला जागा दिली नव्हती, पण वानखेडेवर मॅच असली की ऑफिस सुटल्यावर शेवटचा तासभर पाहायला ते हटकून जायचे. रणजीला गर्दी नसतेच. पायऱ्यांवर इकडे चार निवृत्त माणसं, तिकडे कुणी डबा सोडून बसलेला, अधूनमधून शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या लोकलचा भोंगा. त्यात वडील. घरी आल्यावर आई विचारायची, “काय झालं मॅचचं?” उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, “काही नाही. चालू आहे.”

त्या ‘चालू आहे’ची किंमत मला फार उशिरा कळली.

आज मागे वळून पाहिलं की वडिलांची निष्ठा अगदी हिशोबाची वाटते, कारण ज्या संघाला मुंबई म्हणतात तो तरी नाक्याच्या आतला कुठे आहे? २०१३ साली हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा करणारा पृथ्वी शॉ विरारचा. शार्दूल ठाकूर पालघरचा. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढलेला. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने ४२व्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार हाच डोंबिवलीचा रहाणे होता. आणि पहिल्या डावात पडझड झाल्यावर ७५ धावा काढून लाज राखली ती पालघरच्या शार्दूलने. किटबॅग सांभाळत पहाटेच्या गाडीत घुसणाऱ्या पोरांनी मुंबईची हद्द केव्हाच रुंद करून ठेवली आहे. महापालिकेचा नकाशा तिथवर पोचलेला नाही, एवढंच.

आता आपल्याकडे बघा. आपण मंडळी राहतो नेपरव्हिलला, शॉमबर्गला, ऑरोराला, आणि भारतात फोनवर सांगतो, “शिकागोत असतो.” नेपरव्हिलहून युनियन स्टेशन साधारण तेवढंच लांब आहे जेवढं भाईंदरहून चर्चगेट, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. २००१ साली इथे आल्यावर पहिल्यांदा मेट्रा गाडी पकडून शहरात गेलो, पुढे रेड लाइनने अॅडिसनला उतरलो, आणि समोर कब्सचं रिग्ली फील्ड. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत मैदान, आणि आत बसल्यावर गाडीचा खडखडाट कानावर. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण उपनगरातून गाडीने येऊन, शहराच्या टीमला आपली म्हणत पायरीवर बसणं, हे काम मला चांगलं येत होतं.

‘येत होतं’ हे कुठे शिकलो, तेही सांगतो.

७ मे १९९१, मंगळवार. शाळेला सुट्टी. रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरयाणा, पाचवा दिवस. सकाळी वडील म्हणाले, “चल माझ्याबरोबर. तू मॅच बघ, मी दुपारी येतो.” तेरा वर्षांचा मी विरार गाडीत त्यांच्या काखेखाली चेपून चर्चगेटला उतरलो. कपिल देवच्या हरयाणाने मुंबईपुढे ३५५ धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. सुरुवातीचे तीन गडी स्वस्तात गेले आणि माझ्या शेजारचे आजोबा पेपराची घडी घालून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सचिन आला. अठरा वर्षं पूर्ण होऊन त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. पंचाहत्तर चेंडूंत शहाण्णव. आजोबा बसले. बाहेर बातमी पसरली असावी, कारण रिकाम्या पायऱ्या हळूहळू भरू लागल्या. ऑफिसांतून माणसं आली, त्यांत वडीलही. त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली होती. आईला ते कितीतरी वर्षांनी कळलं.

सचिन गेला, पण दिलीप वेंगसरकर एका बाजूने उभाच होता. नऊ गडी बाद झाले तेव्हा अबी कुरुविला आला, आणि अशक्य वाटणारी ती जोडी एकेक धाव जमवत राहिली. तीन धावा हव्या असताना कुरुविला धावचीत झाला. मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद. मैदानावर तो रडला, तो फोटो पुढे सगळ्यांनी पाहिला. आम्हाला पायरीवरून फक्त वाकलेली पाठ दिसली.

परतीच्या गाडीत वडील बोरिवलीपर्यंत काही बोलले नाहीत. मग दारात लटकलेला कुणीतरी अनोळखी माणूस, कुणालाही उद्देशून नाही, असं म्हणाला, “पुढच्या वर्षी.” डब्यातल्या पाच-सहा जणांनी मान हलवली. वडिलांनीही. माझ्या मते चाहता म्हणून माझा जन्म वानखेडेवर झालाच नाही, तो बोरिवली आणि दहिसरच्या मध्ये कुठेतरी झाला.

म्हणून २०१२च्या उन्हाळ्यात वडील इथे आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम रिग्लीला नेलं. त्या वर्षी कब्सनी १६२ सामन्यांपैकी १०१ गमावले. आठवड्याच्या मधल्या दिवसाची, उन्हातली दुपारची मॅच. हरणार हे कावळ्यांनाही माहीत होतं. वडिलांनी चौफेर पाहिलं. कुंपणाच्या भिंतीवर पसरलेला हिरवा वेल, मध्यभागी आतून माणसं हाताने आकडे बदलतात तो १९३७ सालचा धावफलक, आणि हजारो माणसं. ते म्हणाले, “एवढे हरतात आणि एवढी माणसं येतात? आमच्या रणजीला जिंकताना कुत्रं फिरकत नाही.”

आत स्कोअरकार्ड आणि पेन्सिल विकत मिळते. वडिलांनी ती घेतली. गुण मांडणं त्यांच्या हातचं काम. आमच्या घरी जुन्या खतावण्यांत त्यांनी रेडिओवर ऐकून उतरवलेले डाव होते. बेसबॉलच्या खुणा त्यांना ठाऊक नव्हत्या, म्हणून त्यांनी वर्तमानपत्री मराठी वापरलं. झेल गेला की ‘झे.’ पहिल्या तळावर धावताना बाद झाला की ‘धा.’ तीन फटके हुकून बाद झाला की ‘त्रि.’ माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, “आजोबा, त्रि म्हणजे?” ते म्हणाले, “त्रिफळा. आमच्यात तीन दांड्या, तुमच्यात तीन चुका.” मग एक जण बॅट खांद्यावर तशीच ठेवून तिसरा चेंडू पाहत राहिला आणि बाद झाला. आजोबांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘ब.’ म्हणजे ‘बघत राहिला’. त्या दिवसापासून आमच्या घरात निर्णय घ्यायला उशीर करणाऱ्या माणसाला ‘ब.’ म्हणतात. बहुतेक वेळा तो मीच असतो.

इथे एक गंमत सांगायला हवी. बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात आणि लोकांच्या सवयीत रुजवला तो हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने, आणि तो मुळात क्रिकेटचा बातमीदार होता. एका खेळाची वही दुसऱ्या खेळाला देण्याचं काम एकोणिसाव्या शतकातच होऊन गेलंय. वडील नकळत ती वही परत करत होते.

मॅच कब्स हरले. उठताना वडिलांनी विचारलं, “आता पुढची कधी?” मी म्हणालो, “उद्या. इथेच.” ते मोठ्याने हसले. “मग मजा आहे यांची. आपल्याला वर्षभर थांबावं लागलं होतं.”

कब्सच्या लोकांना मात्र त्याहून जास्त थांबावं लागलं होतं. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९०८ सालचं. २००३मध्ये तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, पाच बादांवर आली होती आणि निसटली. अखेर २ नोव्हेंबर २०१६च्या रात्री, क्लीव्हलँडमध्ये, सातव्या सामन्यात, बरोबरीनंतर पाऊस येऊन सतरा मिनिटं खेळ थांबून, दहाव्या डावात आठ विरुद्ध सात असा तो विजय आला. भाईंदरला तेव्हा सकाळचे सव्वादहा. मी फोन केला. वडील म्हणाले, “किती वर्षांनी म्हणालास? एकशे आठ? म्हणजे माळ पुरी झाली की!” मी त्यांना सांगितलं की बेसबॉलच्या चेंडूला टाकेही एकशे आठ असतात. त्यांनी ते शेजाऱ्यांना सांगायला लगेच फोन ठेवला.

दोन दिवसांनी मी रिग्लीला गेलो. मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक रंगीत खडूंनी नावं लिहीत होते. आजीचं, वडिलांचं, काकाचं. जे वाट पाहत गेले त्यांची. उंचावर हात पोचेना म्हणून कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. एक म्हातारी बाई खडू संपल्यावर दुसऱ्याकडे मागायला आली, मी माझ्याकडचा तुकडा दिला. पोलीस उभे होते आणि कुणाला अडवत नव्हते. त्या भिंतीपुढे उभं राहून मला कुणी म्हणालं असतं की ही माणसं जिंकणाऱ्याच्या बाजूला धावली आहेत, तर मी त्याला लेखी उत्तर दिलं असतं.

आता मूळ आक्षेपाकडे. एप्रिल १९९०मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांसाठी एक कसोटी सुचवली होती. क्रिकेटच्या सामन्यात तुम्ही कुणाच्या बाजूने ओरडता, त्यावरून तुम्ही इंग्लंडचे झालात की नाही ते ठरवा. तेव्हा आपल्या लोकांना त्याचा योग्य तो राग आला होता. पण आरतीच्या रांगेत आपण काय करतो? तीच कसोटी उलटी करून आपल्याच पोरांना लावतो. गोऱ्या माणसाने घेतली तर अपमान, काकूंनी घेतली तर संस्कार, असं चालायचं नाही.

ही कसोटी अपमानकारक तर आहेच, पण ती मुळात चालतही नाही. १२ जून २०२४, न्यूयॉर्कमधला विश्वचषकाचा सामना आठवा. भारत विरुद्ध अमेरिका. मुंबईत वाढलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला आणि इथे नोकरी करणारा इंजिनिअर सौरभ नेत्रावळकर गोलंदाजी करतोय. त्याच्या आठवडाभर आधी डॅलसला सुपर ओव्हर टाकून त्याने पाकिस्तानला हरवलं होतं आणि आपण सगळे नाचलो होतो. आता त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर टिपलं. पुढच्या षटकात रोहित शर्माही गेला. झेल घेतला हरमीत सिंगने, तोही मुंबईकडून खेळलेला. तेव्हा आपण कुणाच्या बाजूचे होतो? माझ्या दिवाणखान्यात बारा माणसं होती आणि एकाच वेळी हाय आणि वा निघाले, काहींच्या तर एकाच तोंडातून. भाईंदरहून वडिलांचा फोन आला. त्यांनी वहीत लिहिलेली ओळ वाचून दाखवली, “शर्मा झेल हरमीत गोलंदाज नेत्रावळकर तीन.” आणि म्हणाले, “अरे, ही तर मुंबईच्या नेट्समधली ओळ आहे!”

टेबिटसाहेबांची कसोटी या ओळीला लावून दाखवा.

दोन आक्षेप मात्र मी मान्य करतो, कारण ते खरे आहेत. पहिला पैशाचा. इथला व्यावसायिक खेळ हा धंदा आहे. चौघांचं कुटुंब बरी जागा, खाणं, पार्किंग असं करून आलं तर खिसा हलका होतो, आणि मालकाला आपल्या भावनांशी देणंघेणं असेलच असं नाही. कबूल. पण म्हणूनच मी मोठ्या सामन्याची शिफारस करत नाहीये. धंद्याला आपण महाग पडतो ते मंगळवारच्या दुपारी, सगळ्यात वरच्या स्वस्त रांगेत, घरचा डबा नेऊन. रिग्लीत बाहेरचं खाणं नेऊ देतात. थालीपीठ आणि लसणाची चटणी मी स्वतः नेली आहे, आणि मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी चवही घेतली आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. बेसबॉलच्या नादाने शनिवारची मराठी शाळा बुडते, असं पालक म्हणतात. शाळा बुडवू नये. पण माझ्या मुलीचं मराठी कुठे मुरलं ते मी पाहिलंय. ‘नाबाद’, ‘धावचीत’, ‘जीवदान’ हे शब्द तिला आजोबांच्या पेन्सिलीने दिले. आजही ती मॅच बघताना आजोबांना निरोप पाठवते आणि खुणा त्यांच्याच वापरते. वाद घालायला, चिडायला, हळहळायला, टोमणा मारायला भाषा लागते, आणि मॅच पाहताना हे सगळं तीन तासांत अनेकदा करावं लागतं. वेचे पाठ करून जे येत नाही ते इथे फुकट येतं.

उलट ज्या सवयीचं आपण कौतुक करतो, ती मला पातळ वाटते. फक्त भारत-पाकिस्तान, फक्त अंतिम सामना, मोठा पडदा, समोसे, जिंकलो तर ढोल, हरलो तर टीव्ही बंद. ती चार तासांची जत्रा आहे, आणि जत्रा मलाही आवडते. पण चाहतेपण म्हणतात ते रिकाम्या पायरीवरचं ‘काही नाही, चालू आहे’. आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या पाच वर्षांत रणजीच्या एखाद्या सामन्याचा रोजचा धावफलक पाहिला? मुलांचं तिकडचं काही उरलं नाही म्हणताना आपलं किती उरलंय, तेही एकदा मोजावं.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन साध्या सूचना ठेवतो. पहिली: येत्या उन्हाळ्यात मंडळाने एक दुपार ठरवावी आणि कब्सच्या किंवा साउथ साइडला व्हाइट सॉक्सच्या अगदी बिनमहत्त्वाच्या मॅचला आजी-आजोबांसकट जावं. भारतातून आलेले आईवडील उन्हाळाभर घरात सोफ्यावर बसून कंटाळतात. त्यांना पायरीवर बसवावं. प्रत्येकाच्या हातात स्कोअरकार्ड, खुणा मराठीत. दुसरी: हिवाळ्यात, बेसबॉल बंद असतो तेव्हा, रणजीचा मोसम चालू असतो. सकाळी चहाबरोबर मुलांना धावफलक वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. संघ मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, ज्याचा जो असेल तो.

काकूंना मी व्यक्तिशः आमंत्रण देणार आहे. टोपी आणायची गरज नाही. ऊन फार झालं तर माझी मुलगी आपली देईल. वडिलांचं २०१२चं कार्ड मी त्या दिवशी सोबत आणीन, म्हणजे खुणा समजायला सोपं जाईल. नऊ डावांच्या चौकटी भरल्यावर खाली थोडी जागा उरली होती, तिथे त्यांनी तारीख घातली आहे, कब्स हरले असं लिहिलंय, आणि त्याखाली कारकुनी वळणदार अक्षरात एकच शब्द: ‘उद्या’.